मी गोळ्या पेरल्या होत्या

खोकल्यातून पहिल्यांदा रक्त पडलं तेव्हा मी संत्र्याच्या वाफ्यात उकिडवा बसलो होतो. हातात चाकू होता. इकडेतिकडे पाहिलं, कोणी नव्हतं. मूठभर माती घेऊन त्या लाल डागावर टाकली, पायानं दाबली आणि पुढचं रोप धरलं. माझ्या आजाराची सुरुवात ही अशी आहे. दवाखाना नंतर आला. आधी माती टाकणं आलं.

हे मी लिहून राहिलो ते आमच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून. त्या म्हणाल्या, "बाबा, तुमच्यासारखे हट्टी पेशंट अजून पुष्कळ येणार आहेत. माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील." मी दुसरीपर्यंत शिकलो. अक्षर मोठं येतं, वही लवकर संपते. चर्चच्या पाळकसाहेबांनी काना-मात्रा पाहून दिल्या, पण बोलणं माझंच राहू द्या, असं मी त्यांना बजावलं.

माझं नाव शमुवेल. राहणार सौंसर. माझ्या वडिलांनी मिशनच्या बागेत झाडांना पाणी देता देता बाप्तिस्मा घेतला, आणि मी त्याच बागेत संत्र्याच्या कलमा बांधायला शिकलो. पांढुर्ण्यापासून लोधीखेड्यापर्यंत ज्याला बाग लावायची असेल तो माझ्या दारात यायचा. "शमुवेलचा डोळा मरत नाही," असं लोक म्हणायचे. मी ऐकू न आल्यासारखं करून ते त्यांना दुसऱ्यांदा म्हणायला लावायचो.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जंबेरी म्हणजे खरबरीत सालीचं, दात आंबून जातील असं लिंबू. पण त्याचं झाड मोठं चिवट. म्हणून आधी जंबेरीचं रोप वाढवायचं. त्याच्या सालीला चाकूनं चीर द्यायची आणि आत गोड संत्र्याच्या फांदीवरची एक कळी बसवून वरून पट्टी बांधायची. त्या कळीला आम्ही डोळा म्हणतो. डोळा जगला की वरची जंबेरी छाटून टाकायची. मग मूळ जंबेरीचं आणि वर संत्रं. डोळा मेला तर खालून जंबेरीच फुटते, आणि नवख्या माणसाला ती कलमच वाटते. जाणकार पान चुरगाळून वासावर ओळखतो.

एवढं ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

*

तीन महिने मी रक्तावर माती टाकली. पण उशीच्या खोळीवर माती कुठून टाकणार? एस्तेरनं, माझ्या बायकोनं, ती खोळ माझ्यासमोर धरली. दुसऱ्या दिवशी मिशनच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडाला धरला. म्हणाल्या, "बाबा, टीबी आहे."

"नाई. मले ऊन लागलं."

"फोटोत स्पष्ट दिसतंय."

"फोटो दुसऱ्याचा असंल."

एस्तेर म्हणाली, "हाव ना. दुसऱ्याचाच असंल. दुसऱ्याच्या छातीत शिरून खोकलत होते तुमी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं, औषध वर्षभर घ्यावं लागेल, एक दिवस चुकवायचा नाही, आणि ते सरकारकडून येतं, त्याला काही पडत नाही.

मी म्हटलं, "मी फुकटचं घेत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवला. "मग बदल्यात काय देता? सांगा. जीव वाचवायच्या औषधाच्या तोडीचं तुमच्या घरात काय आहे?"

मी घरातली एकेक वस्तू आठवून पाहिली. खरंच पाहिली. चाकू, सायकल, घरामागचं संत्र्याचं जुनं झाड, ज्याचे डोळे मी आयुष्यभर घेत आलो.

"काही नाही ना?" बाई म्हणाल्या. "कोणाकडेच नसतं. म्हणूनच ते असं देतात."

त्यांनी हे मायेनं म्हटलं होतं. मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. बाहेर आल्यावर मी एस्तेरला म्हटलं, त्या बाईचा आवाज फार मोठा आहे.

*

दोन महिने गोळ्या घेतल्या. खोकला थांबला, भाकर गोड लागायला लागली. मग मी गोळ्या सोडल्या.

मी बरा झालो म्हणून सोडल्या, असं सगळ्यांना सांगत होतो. ते खरं नाही. खरं असं आहे की एस्तेर रोज सकाळी तळहातावर गोळ्या ठेवून समोर उभी राहायची, आणि तो पसरलेला हात मला सोसत नव्हता. तिच्या हातून ते घेताना मी कोणी कलमवाला शमुवेल नसायचो. मी एक आजारी म्हातारा असायचो, ज्याला कोणीतरी वाचवून राहिलं. त्यापेक्षा आजार बरा वाटायचा. आजार माझा स्वतःचा होता. तो मला कोणी दिलेला नव्हता.

म्हणून गोळ्या जिभेखाली धरायच्या, वाफ्यात जायचं, तंबाखूच्या जुन्या डबीत थुंकायच्या आणि डबी मातीत पुरून ठेवायची.

माघात, रोपाला चीर देता देता, तोंडातून रक्ताची धार लागली. ह्या वेळी माती पुरली नाही.

दवाखान्यात खाटेवर टाकलं तेव्हा एस्तेरनं पिशवीतून ती डबी काढली आणि डॉक्टरीणबाईंसमोर आपटली. वाफा खणताना तिला सापडली होती.

"पाहा बाई, यायनं गोळ्या पेरल्या. झाड येईन म्हणून वाट पाहून राहिले असतीन."

आख्खा वॉर्ड हसला. एस्तेर हसली नाही. पदर तोंडाला लावून ती बाहेर व्हरांड्यात गेली, आणि आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली पण ती अशी पाठ वळवून गेलेली मी पहिल्यांदा पाहिली. बाईंनी डबी उचलली, पुसली आणि माझ्या खाटेजवळच्या फळीवर ठेवून दिली. "ही इथंच राहू द्या, बाबा," म्हणाल्या.

*

वॉर्डातलं आयुष्य घंटेवर चालतं. घंटा झाली की तोंड धुवा. घंटा झाली की सिस्टर थर्मामीटर तोंडात खुपसते. मग सुई. सुईनंतर कानात रातकिडे वाजतात आणि उभं राहिलं की जमीन डावीकडे पळते. प्रत्येकाजवळ झाकणाची डबी, थुंकायचं तर तिच्यातच. नव्या गोळ्यांनी पहिल्या दिवशी लघवी लाल झाली. मी ओरडत बाहेर आलो, "रक्त! रक्त चाललं माझं!"

शेजारच्या खाटेवर पांढुर्ण्याचा ट्रक ड्रायव्हर होता, दादाराव. तो पडल्या पडल्या म्हणाला, "ओरडू नका बुढेबाबा, आमच्या सगळ्यायची लालच आहे. आता तुमी आमच्या पार्टीत आले."

जे हे वाचून राहिले त्यांना सांगतो: भिऊ नका, तो औषधाचा रंग असतो. आणि हेही सांगतो की भीती खरी असते. दुपारी, पंख्याखाली, मी माझ्या बरगड्या चाचपून पाहायचो आणि आत एक कुजलेली जागा आहे हे मला ठाऊक असायचं. असंही होतं की अचानक एक सकाळ उजाडते, तुम्ही खोल श्वास घेता आणि तो अडत नाही. त्या सकाळी मी सिस्टरला विनाकारण "बेटी" म्हटलं.

सकाळी बाई व्हरांड्यात प्रार्थना घ्यायच्या. ज्याला यायचं त्यानं यावं. दादाराव बौद्ध, पण तोही यायचा, म्हणायचा बसायला ऊन चांगलं असतं. एके दिवशी त्यानं विचारलं, "बाई, एक सांगा. तुमचा देव म्हणे पापाची माफी देते, आन् बदल्यात काईच मांगत नाई. मंग लोक घेत काहून नाईत? तुमचे ख्रिस्ती लोकच पाहा ना, पापाले कसे धरून बसतात."

बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "शमुवेलबाबांना विचार. त्यांच्या फळीवर एक डबी आहे."

पुन्हा सगळे हसले. मी काठी आपटत आत निघून गेलो. खाटेवर बसलो. समोर डबी. बाईंना फक्त गोळ्यांचं ठाऊक होतं. पण मी ज्याला धरून बसलो होतो त्याच्या पुढे त्या गोळ्या काहीच नव्हत्या.

*

आता ते सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी बोरगावचा श्रावण माझ्याकडे आला. बौद्ध माणूस, दुसऱ्याच्या शेतात राबून त्यानं स्वतःचं थोडं रान केलं होतं. त्याच्या घराण्यात कोणी बाग लावली नव्हती. दोन दिवस तो माझ्या वाफ्यावर बसून माझे हात पाहत राहिला. म्हणाला, "बाबा, मले तुमच्याच कलमा पायजे."

त्या साली उष्ण वारा सुटला आणि माझ्या एका मोठ्या वाफ्यातले जवळपास सगळे डोळे मेले. फक्त जंबेरी फुटली होती. मी लोकांना सांगायला हवं होतं. पण शमुवेलचा डोळा मरत नव्हता ना! जाणत्या लोकांना मी चांगल्या कलमा दिल्या, आणि तो मेलेला वाफा श्रावणला दिला. तो पान चुरगाळून पाहणार नाही हे मला ठाऊक होतं.

त्यानं ती झाडं लेकरांसारखी जगवली. पाचव्या वर्षी फळ धरलं. जंबेरी. फळ हातात घेऊन तो बोरगावच्या पारावर आला, मी तिथं चार माणसांत बसलो होतो. त्यानं भांडण केलं नाही. फक्त विचारलं, "बाबा, हे काय झालं?"

मी म्हणालो, "माझ्या कलमांत दोष नाही. बाग हे तुमच्या लोकायच्या हाताचं काम नव्हे."

माझ्या बापाला एकेकाळी त्याच पाराला हात लावू देत नव्हते. त्या बापाचा मी मुलगा, आणि हे मी बोललो.

श्रावण फळ पारावर ठेवून निघून गेला. त्यानंतर मी त्या शिवाराची वाट सोडली. आमच्या चर्चच्या मंडळीत महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा घ्यायचा असतो; मनात काही ठेवून त्याला हात लावू नये असं लहानपणापासून शिकवलेलं. तेव्हापासून नेमक्या त्याच रविवारी माझ्या सायकलची हवा जायची. किती वर्षं? पाळकसाहेब बदलले, पण हवा जातच राहिली. मी बाहेर पिंपळाखाली पंप मारत बसायचो आणि आतून गाणं ऐकू यायचं. दार उघडंच असायचं. कोणी मला अडवलं नव्हतं.

*

एका दुपारी दादारावनं मला संत्रं दिलं. मृग बहाराचं, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकणारं, पातळ सालीचं.

"खा बुढेबाबा. घरचं आहे. माझ्या भाऊजीच्या बागेतलं. श्रावणभाऊ, बोरगावचे."

"कोणता श्रावण?" मी म्हटलं. "थ्या नाल्याकाठचा? त्याच्या बागेत संत्रं होऊच शकत नाही."

"होऊन राहिलं ना बाबा. दोन-चार वर्षं झाली."

"मले शिकवतं का बे? तिथं संत्र्याचं एक झाड नाही. जंबेरी आहे. सगळी जंबेरी आहे. मी माझ्या हातानं दिली!"

सिस्टर सुई हातात धरून थांबली. मला काही कळायच्या आत ते तोंडातून बाहेर पडलं होतं. इतकी वर्षं ज्याच्यावर माती टाकली ते मी कलमांचा जाणकार आहे हे दाखवायच्या नादात स्वतःच उकरून बसलो.

आणि दारात श्रावण उभा होता. मेहुण्यासाठी डबा घेऊन आलेला. केस पांढरे झाले होते. त्याच्या मागे एस्तेर, माझा डबा घेऊन. दोघं एकाच बसमधून उतरले होते.

मग मी काय केलं असेल? माणूस तिथं तरी हात जोडेल. मी संत्रं सोललं. एक फोड तोंडात टाकली. ती फोड जिभेवर फुटली आणि मी चावायचं विसरलो. ही चव मी चाळीस वर्षं ओळखत होतो. ते माझ्याच घरामागच्या झाडाचं संत्रं होतं.

मी ओरडलो, "चोर! माझ्या झाडाचे डोळे चोरले यानं!"

"चोरले नाई," एस्तेर म्हणाली. "म्या देल्या डोळकाड्या. पारावर तुमी जे बोलले, थे मले त्याच हप्त्यात समजलं. तुमी मिशनच्या बागेत गेले की मी काड्या कापून ओल्या फडक्यात बांधून याच्या घरी पोचवत होती. तीन साल."

"मले इचारलं काहून नाई?"

"इचारलं असतं तर तुमी देल्या असत्या?"

श्रावण खाटेच्या कडेला बसला. "झाडं उपटायले लोक सांगत होते, बाबा. म्या नाई उपटली. तुमच्या वाफ्यावर दोन दिवस पाह्यलं होतं ना, तसंच केलं. वरून छाटली, फुटवे येऊ देले, आन् त्याच्यावर डोळे भरले. पहिले मेले. मंग जगले."

मी त्या फोडींकडे पाहत राहिलो. मी आयुष्यभर जंबेरीवर संत्रं बांधलं. पण मोठी झालेली, वाया गेलेली, माझ्या लबाडीची झाडंही पुन्हा छाटून त्यांच्यावर गोड डोळा बसवता येतो हे श्रावणला सांगायचं मला एकदाही सुचलं नाही. सुचलं असतं, तर आधी ती जंबेरी आहे हे मला म्हणावं लागलं असतं. मी पिंपळाखाली पंप मारत बसलो, आणि तिकडे माझ्याच घरातून, माझ्याच झाडाची काडी जाऊन माझं पाप गोड होऊन राहिलं होतं. मला न विचारता. अंगावर काटा येतो म्हणतात तसं नव्हतं ते. मी भ्यालो होतो. एवढं चांगलं कोणी आपल्यासाठी करून ठेवलेलं असलं की माणसाला भीती वाटते.

मी म्हटलं, "श्रावण, मले माफ कर."

तो लगेच हो म्हणाला नाही. "तुमच्या देवाचं मले समजत नाई," तो म्हणाला. "पण तुमी जे बोलले थे चार माणसायत बोलले. बरे व्हा. मंग पारावर या आन् चार माणसायत वापस घ्या."

मी बाईंनी ठेवलेली डबी उघडली. रिकामी होती, थुंकलेल्या गोळ्या बाईंनी केव्हाच फेकल्या होत्या. त्या दिवसाच्या गोळ्या एस्तेरच्या तळहातावर होत्या. मी तिचा हात धरला आणि तोंड खाली नेऊन तिच्या तळहातावरूनच खाल्ल्या, बैल दाणा खातो तसं. दादाराव म्हणाला, "अरे वा." पण हळूच म्हणाला.

*

पावसाळा संपला आणि बाईंनी फोटो पाहून सांगितलं, जखम सुकली. गोळ्या अजून काही महिने होत्या, मी त्या घेत होतो.

दिवाळीनंतर एस्तेरला घेऊन बोरगावला गेलो. पारावर माणसं होती. मी उभा राहिलो. म्हटलं, "म्या श्रावणले जंबेरी देली. जाणूनबुजून देली. दोष त्याच्या हाताचा नव्हता, माझ्या हाताचा होता. आन् त्याच्या लोकायबद्दल जे बोललो थे माझं तोंड सडलं होतं म्हणून बोललो."

मला वाटलं आभाळ पडेल. एक म्हातारा पानाला चुना लावत म्हणाला, "आमाले मालूम होतं बाप्पा. पान पाहूनच समजलं होतं. तुमी कधी बोलता याची वाट पाहून राहिलो होतो."

गावातली जाणती माणसं ओळखून होती. त्या लबाडीची राखण करत मी एकटाच बसलो होतो.

श्रावण मला बागेत घेऊन गेला. झाडामागून झाड, हिरवी-पिवळी फळं. प्रत्येक खोडावर जोडाची गाठ होती. गाठीखाली माझी जंबेरी, तशीच, खरबरीत. ती कुठं गेली नव्हती. मातीतून पाणी तीच ओढत होती. आणि वर संत्री. मी टोपी काढली.

शेवटच्या ओळीत एक झाड छाटलेलं उभं होतं. त्यावर पेन्सिलीएवढे नवे फुटवे.

"हे एक जंबेरीचंच ठेवलं होतं," श्रावण म्हणाला. "याच्यावर डोळा तुमी भरा."

एस्तेरनं पदराआडून ओलं फडकं काढलं. आत घरामागच्या झाडाची काडी. तिनं मला घरून निघताना काही सांगितलं नव्हतं.

श्रावणनं फुटवा धरला, मी चीर दिली. साल सहज सुटली, आतला ओला पांढरा भाग उघडा पडला. डोळा सरकवला, पट्टी बांधली. "माझा डोळा मरत नाही" असं म्हणायची मला सवय होती. ते शब्द तोंडाशी आलेच नाहीत.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. सायकलीत हवा होती. मी हात पुढे केला आणि भाकरीचा तो तुकडा घेतला.

तीन आठवड्यांनी श्रावण स्वतः सौंसरला आला. दारातूनच म्हणाला, "बाबा, पट्टी सोडली. डोळा हिरवा आहे."

पुष्कळ वर्षं मला वाटायचं, डोळा मी जगवतो. मी कधीच जगवला नव्हता. मी फक्त साल उघडत होतो.